पांढरी खडी, लाल मुरूम

माझे बाबा बांधकाम खात्यात मैलकामगार होते. ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी, रस्त्याचा ठरवून दिलेला तुकडा सांभाळणारा माणूस. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, साइडपट्टीवर मुरूम टाकायचा, झाडोरा तोडायचा, आणि पावसाळ्यात मोरी तुंबली की अर्ध्या रात्री टिकाव घेऊन निघायचं. माणगाव तालुक्यातले रस्ते त्यांनी एकतीस वर्षं असे हाताने जपले. त्यामुळे म्युनिकहून फोन करून "बाबा, मी सायकल घेऊन इटलीत चाललोय, खडीच्या रस्त्यांवर चालवायला" हे सांगणं मला जरा जडच गेलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, "डांबर नाय का तिकडं?"

आहे म्हटलं, भरपूर आहे.

"मग?"

या "मग"चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही धड देता येत नाही. ग्रॅव्हल बाइकिंग हे प्रकरण असं आहे की सायकल दिसायला रेसच्या सायकलीसारखीच, तसंच खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, माझे चाळीस मिलिमीटरचे आहेत, गिअर चढासाठी हलके, आणि हवा मुद्दाम कमी ठेवायची म्हणजे खडीवर टायर थोडा दबतो, दगडाला धरून राहतो. सायकलची किंमत मी बाबांना सांगितलेली नाही. आईला सांगितली तीसुद्धा निम्मी. युरोपात सध्या याचं खूळ जोरात आहे, डांबरावर गाड्यांची कटकट म्हणून लोक कच्च्या रस्त्यांकडे वळलेत, कोणी स्पेनमध्ये जिरोनाला जातं, कोणी क्रोएशियात इस्त्रियाला, पण या सगळ्याचं माहेर म्हणायचं तर माझ्या मते इटलीतलं टस्कनीच, त्यातही सिएना शहराच्या भोवतीचे डोंगर. तिथल्या कच्च्या रस्त्यांना स्त्रादे बियांके म्हणतात, शब्दशः पांढरे रस्ते. चुनखडीच्या दगडाची खडी, म्हणून पांढरे.

एप्रिल संपता संपता आम्ही दोघं निघालो, मी आणि ऑफिसातला एक मित्र, नागपूरचा, ज्याला घाट या गोष्टीचा जन्मात अनुभव नाही पण उत्साह असा की विचारू नका. गाडीच्या मागे दोन सायकली बांधल्या, ब्रेनरचा घाट ओलांडला, आणि संध्याकाळी कास्तेलनुओवो बेरारदेंगाजवळ एका जुन्या शेतघरात उतरलो. चार दिवस तिथून सायकल, नंतर तो ट्रेनने परत आणि मला एक दिवस एकट्याने पूर्वेकडे जायचं होतं, ते का ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी ब्रोलिओच्या किल्ल्याकडे. हा रिकासोली घराण्याचा किल्ला, याच घरातल्या बेत्तिनो रिकासोलीने १८७२ साली किआंती वाइनमध्ये कुठली द्राक्षं किती घालायची याचा फॉर्म्युला लिहून ठेवला, गृहस्थ त्याआधी इटलीचे पंतप्रधानही होऊन गेले होते. किल्ल्याकडे जाणारा चढ खडीचा, दोन्ही बाजूंना सरूची उंच झाडं, एकदम कॅलेंडरावरचं चित्र, आणि कॅलेंडरावरच्या चित्रात शिरून घाम गाळायची गंमत काही औरच, पण मी झाडं बघत नव्हतो. मी रस्ता बघत होतो. म्हणजे अक्षरशः बाबांच्या नजरेने बघत होतो. खाली घट्ट दबाई झालेला थर, वर बारीक कच, मधोमध किंचित फुगवटा, पाणी दोन्हीकडे उतरावं म्हणून. बाबा म्हणायचे रस्त्याला कासवाची पाठ पाहिजे, पाणी थांबलं की रस्ता मेला. इथे कासवाची पाठ होती. गटारं साफ होती. कुठे कुठे चढावर रस्त्यातून आडवे चर काढलेले, पाणी मधेच बाहेर पडावं म्हणून. मी थांबून त्या चराचा फोटो काढला. मित्र म्हणाला, अरे किल्ला तिकडे आहे.

ज्यांनी खडीवर सायकल चालवली नाही त्यांना एक गोष्ट सांगतो. रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी दोन पट्टे पडलेले असतात, तिथली खडी दबून गुळगुळीत झालेली असते, आणि मधे आणि कडेला सगळी सुटी खडी. आपल्याकडे त्याला चाकोरी म्हणतात. बैलगाड्यांच्या काळातला शब्द. आयुष्यभर प्रत्येक गुणगौरव समारंभात पाहुण्यांनी मला सांगितलंय की मुलांनो चाकोरीबाहेर जा. ले तोल्फे नावाच्या एका उतारावर मी गेलो चाकोरीबाहेर, समोरून एक पांढरी फियाट आली म्हणून, पुढचं चाक सुट्या खडीत घुसलं आणि मी आडवा. कोपर सोललं, गुडघा सोलला, सायकलीला काही झालं नाही. फियाटमधली म्हातारी खाली उतरली, मला बघितलं, सायकलीला बघितलं, इटालियनमध्ये बरंच काही बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण सूर हुबेहूब माझ्या आजीचा होता, म्हणजे काळजी एक भाग आणि शिव्या तीन भाग.

हा ले तोल्फे सिएनाच्या अगदी जवळ आहे, पल्ला छोटा, पण उतरून लगेच जो चढ येतो तो काही ठिकाणी अठरा टक्के. अठरा टक्के म्हणजे शंभर मीटर गेलात की अठरा मीटर वर. डांबरावर असा चढ उभं राहून मारता येतो, खडीवर उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागच्या जागी गरगर फिरतं. बसूनच चढायचं, पोट हँडलकडे झुकवून, दात ओठ खाऊन. नागपूरकर ढकलत आला. मीही शेवटचे वीस मीटर ढकललीच, उगाच कशाला खोटं बोला.

यावर प्रोफेशनल लोक रेस करतात. २००७ पासून सिएनात संपणारी एक रेस आहे, नावच स्त्रादे बियांके, मार्चमध्ये असते, शेवटचा चढ शहराच्या आतला, व्हिया सांता कातेरिना, फरसबंदी गल्ली, सोळा टक्क्यांपर्यंत, आणि वर एकदम शिंपल्यासारखा पसरलेला तो पियात्सा देल कांपो हा चौक. फाबियान कांचेलारा नावाच्या स्विस रायडरने ही तीनदा जिंकली, २००८, २०१२ आणि २०१६, म्हणून खडीचा सगळ्यात कठीण पट्टा त्याच्या नावाने केलाय. २०२४ ला स्लोव्हेनियाचा रायडर पोगाचार शेवटचे ८१ किलोमीटर एकटाच पुढे पळाला आणि जिंकला. ८१ किलोमीटर एकटा! आम्हाला दिवसभरात ६५ झाले की जेवणाची शुद्ध राहत नव्हती.

पण रेसच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते. हे रस्ते राहिले कसे हा खरा प्रश्न आहे ना. १९९७ साली गायोले इन किआंती या गावात जानकार्लो ब्रोच्ची या माणसाने जुन्या सायकलींची एक राइड काढली, लेरोईका, पहिल्या वर्षी ९२ जण आले. कारण सरळ होतं, एकेक करून सगळ्या पांढऱ्या रस्त्यांवर डांबर पडायला लागलं होतं आणि याला ते वाचवायचे होते. नियम असे की सायकल १९८७ च्या आधीची पाहिजे, गिअरचा खटका दांडीवर पाहिजे, ब्रेकच्या वायरी बाहेरून गेलेल्या पाहिजेत, आणि वाटेत खायला एनर्जी बार वगैरे नाही तर पाव, सूप, वाइन. दर ऑक्टोबरला हजारो माणसं लोकरीच्या जर्सी घालून येतात. त्या राइडचा रस्ता आता कायमचा आखून ठेवलाय, २०९ किलोमीटर, तपकिरी पाट्या लावलेल्या, वर्षभरात कधीही जा. आम्ही त्याच पाट्या धरून फिरत होतो.

हे मी त्या रात्री बाबांना फोनवर सांगितलं. की बाबा, इथे एका माणसाने डांबर टाकू नका म्हणून चळवळ केली. बाबा म्हणाले, "आजारी पडला नव्हता काय कधी तो?"

आता हे वाक्य नुसतं विनोदी वाटेल, म्हणून आमच्या वाडीबद्दल सांगायला हवं. आमची वाडी डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. जांभ्याचा लाल रस्ता, उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात नुसता राडा, मधे एक ओढा, त्याला पूर आला की वाडी तुटली. १९९४ च्या जुलैमध्ये माझ्या चुलत काकूला कळा सुरू झाल्या, रात्रीची वेळ, गाडी यायचा प्रश्नच नव्हता, तर चादरीची झोळी करून बांबूला बांधली आणि चौघांनी उचलली. मी दहा वर्षांचा होतो, कंदील धरायला बरोबर. चार किलोमीटरला अडीच तास लागले. काकू वाचली. त्यापुढे आमच्या घरात त्या रात्रीबद्दल कोणी बोलत नाही. आणि बाबा, जे दिवसभर दुसऱ्यांचे रस्ते नीट करायचे, ते त्या झोळीच्या पुढच्या टोकाला होते.

ग्रामसडक योजनेतून २००४ ला वाडीपर्यंत डांबर आलं. नारळ फुटला, पेढे वाटले. बाबा नव्या रस्त्यावर गेले, कडेला बसले, अंगठ्याने डांबराची कड दाबून बघितली आणि हळूच मला म्हणाले, "दोन पावसाळे." दोनच टिकला. पण म्हणून डांबर नको असं वाडीत कोणी म्हणालं नाही, आणि म्हणेलही कोण. माझ्या डोक्यात कच्चा रस्ता म्हणजे ते. आणि तोच मी आता पैसे मोजून शोधतोय. एखाद्याने हौसेने उपास करावा आणि दुसऱ्याच्या घरात अन्नच नसावं, यातला फरक उपास करणाऱ्याला कळतो का, हे मला त्या चढांवर सारखं वाटत होतं. म्हणजे चढावर दुसरं काही सुचायला श्वास तरी कुठे असतो.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला उतरलो, क्रेते सेनेसी. इथे किआंतीची झाडी संपते आणि उघड्या टेकड्या सुरू होतात. क्रेता म्हणजे चिकणमाती. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा हा चिखल, नांगरलेल्या शेतात अजून शिंपले सापडतात. टेकड्या एकामागून एक, गव्हाने हिरव्यागार, मधे मधे लाल खसखशीची फुलं, कुठे माती वाहून जाऊन उघडे पडलेले पांढरे उंचवटे, कुठे खोल घळी. एका टेकडीवर एकच घर, एकच सरू. बस्स.

आणि इथे माझी ट्यूब पेटली, बर्न्ट सिएना! एलिमेंटरीच्या परीक्षेला जाताना कॅमलच्या डब्यातली ती तपकिरी ट्यूब, झोपडीला लावायची, गाईला लावायची, झाडाच्या खोडाला लावायची, आमच्या शाळेत तर माणसाच्या कातडीलासुद्धा. बर्न्ट सिएनामधलं सिएना हे गाव आहे हे मला चाळिशीत कळलं. इथली पिवळट लोहाची माती तशीच वापरली तर रॉ सिएना, भाजली तर बर्न्ट. म्हणजे कच्ची सिएना आणि भाजकी सिएना. भाजली की लाल होते कारण लोहाचा ऑक्साइड, आणि आमचा जांभाही लाल लोहामुळेच. ऐन उन्हात मी मित्राला हे सगळं उत्साहाने समजावत होतो आणि तो म्हणाला पाण्याची बाटली दे.

आश्यानोतून बाहेर पडलं की मोंते सान्ते मारिएचा पट्टा लागतो. तोच तो कांचेलाराच्या नावाचा. साडेअकरा किलोमीटर खडी, सावलीला झाड नाही. चढ उतार चढ उतार, आणि उतार असे की खालच्या वळणावर ब्रेकमुळे जमिनीत पत्र्यासारख्या पन्हाळी पडलेल्या, त्यावरून जाताना दात वाजतात, डोळ्यांना दोन दोन रस्ते दिसतात. हात सैल सोडायचे, सायकलीला तिचं तिचं नाचू द्यायचं, घट्ट धरलं की मेलात. मला हे कळायला दोन दिवस लागले. पण एकदा कळलं की मग काय वर्णावं, खडीचा तो सततचा चर्रर्र आवाज, वारा, चंडोल पक्षी, पाठीमागे आपणच उडवलेला पांढरा धुरळा. मी मोठ्याने ओरडलो वगैरे. चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप. सांगायला लाज वाटते पण ओरडलो.

त्याच रात्री पाऊस पडला आणि दुसऱ्या सकाळी तोच आनंद चिकटून बसला. चिकणमातीवर जिथे खडी पातळ होती तिथे टायरला असा थर धरला की चाक फ्रेममध्ये अडकून फिरेना. भातखाचरातून चालताना पाय जड होतात ना, तसंच. बांबूच्या कामटीने चिखल खरवडायची सवय मला लहानपणापासून, इथे ऑलिव्हची काडी घेतली.

या टेकड्यांवरची घरं बघताना पहिले दोन दिवस मला सुंदर वाटत होती, तिसऱ्या दिवशी मला कळेना की माणसं कुठे आहेत. आमच्या शेतघराच्या मालकीणबाईंना विचारलं, त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. तर गोष्ट अशी की या प्रत्येक घरात एकेक कुळाचं कुटुंब राहायचं, पंधरा वीस माणसं, मालकाची जमीन कसायची आणि अर्धं पीक मालकाला द्यायचं. मेत्सद्रीया म्हणतात त्या पद्धतीला. अर्धेली! शेकडो वर्षं चाललं. महायुद्धानंतर लोकांनी फॅक्टऱ्यांची वाट धरली, आणि १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायलाच बंदी आली. घरं रिकामी झाली. काही ठिकाणी सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ येऊन राहिले, आज इथलं चीज प्रसिद्ध आहे त्यात त्यांचा मोठा हात. आणि या घरांना जोडणाऱ्या रस्त्यांवर डांबर कोण टाकणार, जाणारंच कोणी उरलं नव्हतं.

म्हणजे बघा, रस्ते प्रेमाने वाचले हे नंतरचं. आधी ते विसरल्यामुळे वाचले.

रायगडच्या माणसाला अर्धेली समजवावी लागत नाही. खोत आणि कुळं, १९३३ ला चरीचा शेतकऱ्यांचा संप, सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या पण माघार घेतली नाही, हे आम्ही आजोबांकडून ऐकलेलं. आमच्याकडेही घरं रिकामी झाली, मुंबईला गिरण्यांत, नंतर वॉचमनकीत, नंतर माझ्यासारखी आणखी लांब. फरक एवढाच की तिथली रिकामी घरं आता श्रीमंतांनी घेतली, मागे पोहण्याचा तलाव, पुढे लॅव्हेंडर, रात्रीचं भाडं विचारू नका. आमच्या वाडीत ज्या घरांना कुलूप आहे त्यांची कौलं खाली आलीत. आता आमच्याकडेही फार्महाउसवाले पोचले आहेत म्हणा, कुंपणं घालतायत, आणि त्यातल्या एकाने मागच्या मे महिन्यात बाबांना विचारलं की आतला तो लाल रस्ता तसाच ठेवता येईल का, फार छान दिसतो. बाबांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

मालकीणबाईंचे आजोबा याच घरात कूळ होते. आता घर त्यांच्या नावावर आहे आणि त्या आमच्याकडून भाडं घेत होत्या. मला हे इतकं आवडलं की मी रात्रीचं भाडं घासाघीस न करता दिलं.

पाचव्या दिवशी मित्राला स्टेशनवर सोडलं आणि मी गाडी पूर्वेला काढली, शेजारच्या उंब्रिया प्रांतात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. उंबेर्तीदेजवळ गाडी लावली. खोऱ्यात सपाट शेती, तंबाखू पिकतो इथे, आणि दोन्ही बाजूंना ओकच्या झाडीने भरलेले डोंगर. इथले कच्चे रस्ते सिएनासारखे फोटोजेनिक नाहीत, पांढरेही नाहीत, करडे, दगड मोठे, पाट्या नाहीत, कोणी रेस करत नाही. मला मात्र जास्त ओळखीचे वाटले. मला मोंतोने या गावात जायचं होतं.

माणगावला तहसील कचेरीजवळ एक पुतळा आहे. लहानपणी एसटीची वाट बघताना त्याच्याजवळ बसून मी किती वडापाव खाल्ले असतील त्याची गणती नाही. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे, आपल्याच तालुक्यातले. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, याच खोऱ्यात, त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली, कमांडर म्हणजे ते स्वतः सोडून बाकी सगळे ठार नाहीतर जखमी, आणि हा माणूस एकटा त्या मशिनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. देह मिळाला नाही, नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे. २०२३ ला मोंतोने गावात त्यांच्या नावाचं एक स्मारक उभारलं, सूर्यघड्याळ आहे ते, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, सगळे एकाच सूर्याखाली.

चढ मी सावकाश चढलो. ऊन चांगलंच होतं. मनात एकच येत होतं की त्या डोंगरात आपली माणसं खेचरांवर दारूगोळा लादून याच असल्या वाटांनी गेली असतील, आणि पळसगावाहून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला हे डोंगर, ही खडी, हे आडवे चर, परके वाटले असतील की घरचेच वाटले असतील. तेव्हा त्याच्या गावाला तरी पक्का रस्ता कुठला असणार. घड्याळापाशी मी उभा राहिलो, हेल्मेट काढलं, काय करायचं ते सुचेना. बॅगेत फक्त खजूर आणि अर्धी चॉकलेटची वडी होती. खजूर ठेवला एक. एक इटालियन बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली, मी माझ्या छातीवर बोट ठेवून म्हटलं, माणगाव. तिला काय कळणार, पण मान हलवली तिने.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला पण वर रेंज येईना, म्हणून उतरायला लागलो. दुसऱ्या बाजूने, खडीचाच रस्ता, रात्रीच्या पावसाने जागोजागी पाणी साचलेलं. एका वळणावर एक तीनचाकी उभी, आणि एक साठीचा माणूस फावड्याने गटार काढत होता. नारिंगी जाकीट, डोक्यावर जुनी टोपी. माझे ब्रेक आपोआप लागले. तेवढ्यात फोन वाजला, रेंज आली होती, बाबाच.

"कुठं हायस?"

मी कॅमेरा फिरवला. बाबांना पहिल्यांदा दिसली ती तीनचाकी. "अरे ही आपे!" खरंच आपे होती, पियाजोची, मूळची शेजारच्या टस्कनीतली, आमच्याकडे माणगावात मिनिडोर रिक्षांच्या बरोबरीने धावते तीच, फक्त इथे मागे घमेली आणि मुरूम. मग त्यांना तो माणूस दिसला आणि ते एकदम गप्प झाले. चष्मा लावून जवळून बघायला लागले, स्क्रीनवर नुसतं कपाळ.

मी त्या माणसाला फोन दाखवला, म्हटलं, पापा, आणि फावडं मारायची अॅक्शन केली. त्याला लगेच कळलं. हसला, हात पुसला, फोनपुढे येऊन काहीतरी बोलला. बाबांनी नमस्कार केला, आणि पुढच्या क्षणाला कामावर आले. "त्याला म्हणावं, डावीकडं काय खोदतोय, पाणी वरनं येतंय, आडवा चर काढ वर, तिकडं झाडाजवळ."

मी झाडाकडे बोट दाखवलं. आडवा हात फिरवून चर दाखवला. त्याने झाडाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, मान जोरात हलवली. नाही. फावड्याने उजवीकडची दरड दाखवली, बोटांनी पाणी कसं येतं ते करून दाखवलं, खाली बसून चिमटीत माती घेतली आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर चुरगाळली.

"काय म्हणतोय?" बाबा म्हणाले.

"माहीत नाही बाबा. पण नको म्हणतोय."

"मातीत चुना दिसतोय," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "तरी पण चर वरच पाहिजे. त्याला म्हणावं एकतीस वर्षं केलंय."

एकतीस मी बोटांवर दाखवलं, तीनदा दहा आणि एक. त्याने फावडं दरडीला टेकवलं आणि दोन्ही पंजे उघडले मिटले, उघडले मिटले. चार वेळा. मग परत डावीकडे खोदायला लागला.

"चाळीस?" बाबा म्हणाले. आणि मग, "कॅमेरा जरा खाली धर, गटाराची खोली बघू दे."